विचारमग्न संगणकाला थांबवायचे कसे?

बुद्धिबळ खेळणाऱ्यासमोर दोन प्रतिस्पर्धी असतात. एक पटापलीकडे बसलेला खेळाडू आणि दुसरे पटाशेजारी ठेवलेले घड्याळ. स्थिती कितीही अनुकूल असली तरी वेळ संपली की डाव बहुधा हातचा जातो. हा नियम संगणकालाही लागू आहे. सेकंदाला लक्षावधी शक्यता तपासणाऱ्या यंत्रालासुद्धा ठरलेल्या क्षणी विचार थांबवून एक चाल सांगावीच लागते. हे थांबणे वरकरणी सोपे वाटत असले तरी बुद्धिबळाच्या आज्ञावलीतील ते एक नाजूक काम आहे. एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर विचार चालू असेल, तर त्याची गुंतागुंत अधिकच वाढते.

वेळेवर चाल सांगणे आणि विचारपूर्वक निवडलेली चाल सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे तत्कालीन विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचा 'डीप ब्लू' हा संगणक यांच्यात सामना झाला. पहिल्या डावात ४४ व्या चालीला डीप ब्लूने हत्ती अशा घरात नेला की त्यामागचा हेतू कोणालाच उलगडेना. तो डाव कास्पारोव्ह यांनी जिंकला. सामना मात्र डीप ब्लूने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकला. डीप ब्लूच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या मरे कॅम्पबेल यांनी पुढे या चालीचा उलगडा केला. आज्ञावलीतील दोषामुळे यंत्राला चाल निवडताच आली नव्हती आणि अखेरची तरतूद म्हणून त्याने नियमात बसणारी कोणती तरी एक चाल खेळली होती. नेट सिल्व्हर यांच्या २०१२ मधील 'द सिग्नल अँड द नॉइज' या पुस्तकात ही हकिकत आली आहे. चाल खेळली गेली, पण ती विचारातून आलेली नव्हती. विचार थांबेल त्या क्षणी हाती विश्वासार्ह उत्तर असावे, यासाठी काय करावे लागते, ते समजून घेऊ.

कथेत कथा

संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे, याची मांडणी अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात केली. आपण ही चाल केली तर प्रतिस्पर्धी काय करील, त्यावर आपण काय करू, त्यावर पुन्हा तो काय करील, अशा साखळीने पुढे जायचे आणि शेवटी आलेल्या स्थितीला गुण द्यायचे, ही त्यातील मूळ कल्पना होय. प्रत्येक स्थितीत सरासरी ३० चाली शक्य आहेत असे धरले, तर दोन्ही बाजूंच्या मिळून केवळ सहा चालींपर्यंत पाहण्यासाठी ७२ कोटी ९० लाख स्थिती तपासाव्या लागतात.

हा शोध आज्ञावलीत ज्या पद्धतीने लिहिला जातो, तिला रिकर्शन म्हणतात. 'या स्थितीची किंमत काढ' असे एकच काम असते. ते पार पाडताना पुढच्या स्थितीची किंमत हवी असते, म्हणून ते काम स्वतःलाच पुन्हा बोलावते. पंचतंत्राची रचना आठवल्यास हे चटकन ध्यानात येईल. एका कथेतील पात्र दुसरी कथा सांगू लागते, त्या कथेतील पात्र तिसरी. आतली कथा पूर्ण होईपर्यंत बाहेरची प्रत्येक कथा अर्ध्यावर थांबलेली असते. संगणकाच्या स्मृतीतही अशी अर्धवट कामे एकावर एक रचलेली असतात. वीस पायऱ्या खोल गेलेला शोध म्हणजे एकाच वेळी खोळंबलेल्या वीस कथा होत.

अनावश्यक फांद्या छाटण्यासाठी 'अल्फा-बीटा' ही पद्धत वापरली जाते. एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याचे एक जरी समर्पक उत्तर सापडले, तरी ती चाल टाकून देता येते. बाकीची उत्तरे पाहण्याचे कारण उरत नाही. चांगल्या चाली आधी तपासल्या, तर वरील ७२ कोटी ९० लाखांऐवजी सुमारे ५४ हजार स्थितींवर काम भागू शकते, असे डोनाल्ड नुथ आणि रोनाल्ड मूर यांच्या १९७५ मधील विश्लेषणातून निघते. मात्र या पद्धतीत प्रत्येक पायरी आतून आलेल्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवते. थांबण्याचा प्रश्न नेमका येथेच अवघड होतो.

शून्याची फसवणूक

समजा, काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या संगणकाची स्थिती वाईट आहे. पहिल्या चार चालींची किंमत उणे तीन, म्हणजे तीन प्याद्यांच्या नुकसानीइतकी आली आहे. पाचवी चाल तपासत असताना वेळ संपते. सर्वांत आतल्या पायरीला थांबण्याचा आदेश मिळतो, पण तिला वरच्या पायरीकडे काही तरी आकडा द्यावाच लागतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने तेथे शून्य ठेवले आहे. बुद्धिबळाच्या हिशेबात शून्य म्हणजे बरोबरी. दर पायरीला बाजू बदलते, म्हणून आकड्याचे चिन्ह उलटते. परंतु शून्याचे चिन्ह उलटले तरी ते शून्यच राहते. त्यामुळे हा आकडा सर्व पायऱ्या चढून वर येऊ शकतो. उणे तीनपेक्षा शून्य केव्हाही चांगले, म्हणून संगणक समाधानाने पाचवी चाल खेळतो. ती चाल कदाचित वजीर गमावणारी असते. तिचे खरे उत्तर पाहिलेलेच नसते.

हा दोष लवकर सापडत नाही. संगणक जिंकत असताना इतर चालींची किंमत अधिक तीन असते. तेथे खोटे शून्य मागे पडते आणि काहीच बिघडत नाही. डाव कठीण झाला आणि नेमकी त्याच वेळी वेळ संपली, तरच चूक उघडी पडते. म्हणजे जेथे चांगल्या चालीची सर्वाधिक गरज असते, तेथेच ही चूक घात करते.

यावरचा उपाय एका नियमात सांगता येतो. आतल्या पायरीकडून परत आल्यावर प्रथम 'थांबण्याचा आदेश आला आहे काय' हे पाहावे आणि आला असल्यास हाती आलेला आकडा न वाचता टाकून द्यावा. सर्वोत्तम चाल, अपेक्षित चालींची मालिका, पुढील उपयोगासाठी ठेवलेल्या नोंदी, यांपैकी कशालाही त्या आकड्याचा स्पर्श होऊ देऊ नये. २००८ साली 'ग्लाउरुंग' या आज्ञावलीतून उदयास आलेल्या आणि आज अत्यंत बलवान गणल्या जाणाऱ्या 'स्टॉकफिश' या मुक्त आज्ञावलीत हाच नियम पाळलेला दिसतो.

हाती सदैव एक उत्तर

अर्धवट आकडे टाकून दिले, तर मग खेळायचे काय? यासाठी शोध एकदम खोल न नेता टप्प्याटप्प्याने नेतात. आधी एका चालीपर्यंतचा शोध पूर्ण करायचा, मग दोन, मग तीन. प्रत्येक टप्पा संपला की त्याचे उत्तर जपून ठेवायचे. बाराव्या टप्प्यात वेळ संपली, तर अकराव्या टप्प्याचे पूर्ण झालेले उत्तर हाती असतेच. आधीचे टप्पे पुन्हा करण्यात वेळ वाया जात असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मागच्या टप्प्यातील उत्तम चाल पुढच्या टप्प्यात प्रथम तपासल्यामुळे छाटणी वाढते आणि खर्च बराचसा भरून निघतो.

याचा आणखी एक लाभ होतो. बाराव्या टप्प्याची सुरुवात अकराव्या टप्प्यातील उत्तम चालीपासून झालेली असल्याने, त्या टप्प्यात पूर्ण तपासून झालेल्या चालींपुरता निष्कर्ष वापरता येतो. पहिली चाल पूर्ण तपासून झाली आणि तिसरी तिच्याहून सरस ठरली, तर ती स्वीकारण्यास हरकत नसते. ज्या चालीच्या मध्यावर शोध थांबला, तेवढी मात्र सोडून द्यावी लागते.

उडी की पायऱ्या?

थांबल्यावर खोल पायऱ्यांवरून वर कसे यायचे, यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे एकदम उडी मारून सर्वांत वरच्या पायरीवर येणे. टॉम केरिगन यांच्या 'टीएससीपी' या अभ्यासासाठी लोकप्रिय ठरलेल्या छोट्या आज्ञावलीत अशी उडी आहे. दर १,०२४ स्थितींनंतर ती घड्याळ पाहते आणि वेळ संपली असल्यास शोधाच्या आरंभबिंदूशी थेट परतते. परंतु पटावर मांडलेल्या काल्पनिक चाली तशाच राहिलेल्या असतात. म्हणून उडी मारल्यावर ती एकेक चाल मागे घेत पट पूर्वस्थितीवर आणते. हे राहून गेले, तर पुढची चाल भलत्याच पटावर ठरवली जाईल.

दुसरा मार्ग पायऱ्यांनी परतण्याचा. प्रत्येक पायरी आपली चाल मागे घेते, आपण घेतलेली साधने परत करते आणि मग वर जाते. पंचतंत्राच्या भाषेत सांगायचे, तर आतल्या कथेपासून सुरुवात करून प्रत्येक कथा तिच्या सांगणाऱ्यानेच आवरती घ्यायची. यात प्रत्येक पायरीवर एक तपासणी वाढते, परंतु काहीही उघडे राहत नाही. उडी फक्त स्वतःच्याच पायऱ्यांवर मारता येते, दुसऱ्याच्या नव्हे. अनेकांनी मिळून काम चालवले असेल, तेव्हा दुसरा मार्गच निर्वेध ठरतो.

अनेक धागे, एक आदेश

आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर असतात आणि त्यांचा उपयोग करण्यासाठी आज्ञावली एकाच वेळी कामाचे अनेक धागे चालवते. त्यांना थ्रेड म्हणतात. प्रत्येक थ्रेडजवळ स्वतःचा पट आणि स्वतःच्या खोळंबलेल्या पायऱ्या असतात. सर्वांना एकाच वेळी थांबवायचे कसे, हा पुढचा प्रश्न.

पहिला मोह होतो तो बळाने थांबवण्याचा. जावा या संगणकभाषेत पूर्वी तशी सोय होती. परंतु थांबवलेला थ्रेड त्या क्षणी सामाईक माहितीत बदल करीत असेल, तर ती माहिती अर्धी जुनी, अर्धी नवी अशी राहते आणि इतर थ्रेड ती खरी मानून पुढे जातात. म्हणून १९९८ मध्ये आलेल्या जावाच्या १.२ या आवृत्तीपासून ही सोय वापरू नये असे जाहीर करण्यात आले. २०२३ मध्ये आलेल्या विसाव्या आवृत्तीपासून तर ती वापरल्यास केवळ दोषसूचना मिळते. विंडोज प्रणालीतही थ्रेड बळाने संपवण्याची आज्ञा आहे, पण तिच्याबाबतही धोक्याचा इशारा दिलेला आहे. ज्याच्या हाती कुलूप आहे त्यालाच मध्येच नाहीसे केले, तर ते कुलूप उघडायला कोणी उरत नाही.

म्हणून थांबवण्याचा आदेश हा खरे तर विनंतीच्या स्वरूपाचा असतो. सर्वांना दिसेल अशा जागी एक खूण ठेवली जाते. ती उभारली गेली की प्रत्येक थ्रेड, आपल्या सोयीच्या व सुरक्षित ठिकाणी, ती पाहून स्वतःच परत फिरतो. घड्याळ पाहण्याचे काम सर्वांनी करण्याचे कारण नसते. स्टॉकफिशमध्ये ते एका मुख्य थ्रेडकडे सोपवलेले आहे. इतर थ्रेड केवळ खूण पाहतात. एखादा थ्रेड सेकंदाला १० लाख स्थिती तपासत असेल, तर दर १,०२४ स्थितींनंतर घड्याळ पाहिल्याने जास्तीत जास्त एक सहस्रांश सेकंदाचा उशीर होतो.

ही खूण म्हणजे साधा चल ठेवून चालत नाही. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, 'या थ्रेडमध्ये ही किंमत कोठेच बदलत नाही' असे गृहीत धरून ती एकदाच वाचून ठेवू शकतो. मग खूण उभारली गेली तरी तो थ्रेड जुनीच किंमत पाहत राहील. यासाठी सी प्लस प्लस या भाषेच्या २०११ च्या प्रमाणात 'ॲटॉमिक' चलांची तरतूद झाली. असा चल अनेक थ्रेडनी एकाच वेळी वाचला किंवा लिहिला तरी गोंधळ होत नाही. या काळात एखादा थ्रेड कामाअभावी निद्रिस्त असेल, तर मात्र तो खूण पाहूच शकत नाही. त्याला स्वतंत्रपणे जागे करावे लागते.

सगळेच नव्हे, काहीच थांबवायचे असतील तर

वेळ संपणे हे थांबण्याचे एकमेव कारण नव्हे. जर्मनीतील रायनर फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका पद्धतीत, एखाद्या स्थितीतील पहिली चाल आधी एकटीच तपासली जाते आणि मगच उरलेल्या चाली वेगवेगळ्या प्रोसेसरांना वाटल्या जातात. थोरल्या भावाचे काम होईपर्यंत धाकट्यांनी थांबावे, अशा अर्थाचे तिचे नाव आहे. धाकट्यांपैकी एकाला समर्पक उत्तर सापडले, की त्या फांदीवरील इतरांचे काम निरर्थक ठरते. तेवढ्याच फांदीला थांबवून बाकीचा शोध चालू ठेवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक वाटणीच्या जागी वेगळी खूण लागते आणि खाली काम करणाऱ्या थ्रेडला आपल्या वरच्या सर्व जागांच्या खुणा पाहाव्या लागतात.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९९० च्या दशकात विकसित झालेल्या 'सिल्क' या भाषेत अशा कामासाठी आज्ञेची खास सोयच होती. त्याच प्रकल्पाशी निगडित असलेल्या 'स्टारसॉक्रेटिस' या आज्ञावलीने १९९५ मध्ये हाँगकाँग येथे झालेल्या संगणकांच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत 'फ्रिट्झ' या आज्ञावलीबरोबर संयुक्त आघाडी घेतली होती. निर्णायक डावात मात्र तिला हार पत्करावी लागली.

स्टॉकफिशने २०१६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तुलनेने सोपी पद्धत स्वीकारली. तीत सर्व थ्रेड एकाच मूळ स्थितीपासून आपापला शोध करतात आणि आपले निष्कर्ष एका सामाईक नोंदवहीत लिहितात. कामाची वाटणी नसल्याने फांदीपुरते थांबवण्याचा प्रश्न उरत नाही. सर्वांसाठी एक खूण पुरते.

सामाईक नोंदवहीचे पावित्र्य

या नोंदवहीत, पूर्वी तपासलेल्या स्थितींची किंमत, शोधाची खोली आणि उत्तम चाल टिपलेली असते. तीच स्थिती दुसऱ्या मार्गाने आली की तयार उत्तर मिळते. परंतु थांबण्याच्या गडबडीत एखादी अर्धवट किंमत येथे लिहिली गेली, तर तिचा परिणाम त्या चालीपुरता राहत नाही. पुढच्या चालीच्या वेळी ती नोंद पूर्ण शोधाचे फळ म्हणून वाचली जाते आणि चूक पुढे पुढे सरकत राहते. म्हणूनच खूण पाहण्याची जागा नोंद लिहिण्याच्या आधी असावी लागते.

दोन थ्रेडनी एकाच वेळी एकाच जागी लिहिल्यास नोंदीची सरमिसळ होण्याचा धोकाही असतो. त्यासाठी प्रत्येक नोंदीला कुलूप लावणे महाग पडते. रॉबर्ट हायट आणि टिम मान यांनी २००२ मध्ये यावर चतुर उपाय मांडला. स्थितीची ओळखसंख्या आणि नोंदीतील माहिती यांचा बिटवार संयोग करून तो साठवायचा; वाचताना उलट क्रिया करून ओळख जुळते का ते पाहायचे. सरमिसळ झालेली नोंद जुळत नाही आणि आपोआप बाद होते.

सर्व परतल्यावरच उत्तर

खूण उभारली म्हणजे शोध थांबला असे नव्हे. मुख्य थ्रेडने सर्व सहकारी परत येईपर्यंत वाट पाहावी आणि मगच त्यांचे निष्कर्ष वाचून चाल जाहीर करावी. अन्यथा एखादा मागे राहिलेला थ्रेड, पुढच्या चालीचा शोध सुरू झाल्यावरही, जुन्या शोधाच्या नोंदी बदलत राहील. वाट पाहण्यात काही क्षण जातात. म्हणून उपलब्ध वेळेतून थोडा वेळ आधीच राखून ठेवावा लागतो.

याउलट आदेश हरवण्याचाही संभव असतो. रुडॉल्फ हुबर आणि श्टेफान मायर-कालेन यांनी तयार केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'यूसीआय' या संकेतप्रणालीत 'गो' म्हटले की शोध सुरू होतो आणि 'स्टॉप' म्हटले की थांबतो. समजा, 'गो' पाठोपाठ लगेच 'स्टॉप' आले. नुकत्याच जाग्या होणाऱ्या थ्रेडने सुरुवात करताना खूण खाली उतरवली, तर आधीच आलेला 'स्टॉप' पुसला जाईल आणि शोध चालूच राहील. म्हणून खूण उतरवण्याचे काम आदेश स्वीकारणाऱ्याने, मागचा शोध पूर्ण संपल्याची खात्री करून आणि थ्रेडना जागे करण्यापूर्वी, उरकायचे असते.

हे सारे नीट झाले की नाही, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. शोध हजारो वेळा, दर वेळी वेगळ्याच स्थितीसंख्येवर थांबवावा. प्रत्येक वेळी पट पूर्ववत झाला आहे का, सांगितलेली चाल नियमात बसते का आणि पूर्ण झालेल्या शोधाशी ती सुसंगत आहे का, हे तपासावे. क्वचित घडणाऱ्या चुका अशा वारंवार चाचणीतच सापडतात.

हा विचार बुद्धिबळापुरता मर्यादित नाही. मोठी फाइल उतरवून घेताना आपण 'रद्द करा' हे बटण दाबतो, तेव्हाही मागे अर्धवट फाइल राहू नये, अशी आपली अपेक्षा असते. सी प्लस प्लसच्या २०२० च्या प्रमाणात थ्रेडला थांबण्याची विनंती करण्याची अधिकृत सोय आली, तीही याच तत्त्वावर. थांबवणाऱ्याने विनंती करावी, काम करणाऱ्याने आपले काम आवरून परतावे आणि अपुऱ्या कामाला कोणीही पूर्ण उत्तराचा दर्जा देऊ नये. एवढे पथ्य पाळले, तर घड्याळाचा काटा शेवटच्या क्षणाशी आला असतानाही संगणकाची चाल त्याने केलेल्या विचारातूनच आलेली असेल.